पेशीचे दार उघडणारी वीज

बारावीला धारित्र शिकवताना एक भाग मी दरवर्षी घाईने उरकत असे. धारित्राच्या दोन पट्टिकांमधील विभवांतर वाढवत नेले, की मधल्या विद्युत्‌रोधकाची सहनशक्ती संपते, त्यातून ठिणगी जाते आणि धारित्र निकामी होते. याला विद्युत्‌रोधकाचा भंग म्हणतात. एवढे सांगून मी पुढच्या उदाहरणाकडे वळत असे. एकदा मागच्या बाकावरील एका मुलीने विचारले, "सर, असा भंग मुद्दाम घडवून आणला, तर त्याचा काही फायदा होतो का?" "नुकसानच होते," असे म्हणून मी फळा पुसला.

हे उत्तर चुकीचे होते. प्रत्येक सजीव पेशी हे एक धारित्रच आहे आणि तिच्या विद्युत्‌रोधकाचा भंग करणे हे आज अनेक प्रयोगशाळांतले रोजचे काम आहे. शिवाय या धारित्राला एक गुण असा, की भंग जपून केला तर ते आपले आपण दुरुस्त होते. त्या मुलीला द्यायचे राहिलेले उत्तर या लेखात देतो.

पाच नॅनोमीटरचा पहारा

आपल्या शरीरातील बहुतेक पेशींचा व्यास १० ते २० मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा ते पन्नासावा भाग असतो. पेशीभोवती जे पटल असते, त्याची जाडी मात्र अवघी ५ नॅनोमीटर. १० मायक्रोमीटरची पेशी फुगवून २० मीटर व्यासाच्या पाण्याच्या टाकीएवढी केली, तर तिचे पटल एक सेंटिमीटर जाडीचे भरेल.

हे पटल मुख्यतः स्निग्ध रेणूंच्या दोन थरांचे असते. या रेणूंची डोकी पाण्यात रमणारी आणि शेपट्या पाण्याला दूर ठेवणाऱ्या. म्हणून डोकी बाहेर, शेपट्या आत, अशी दुहेरी रांग आपोआप तयार होते. पटलाचा मधला भाग जणू तेलाचा. ऑक्सिजनसारखे छोटे रेणू त्यातून सहज निघून जातात. साखर आणि क्षार यांच्यासाठी प्रथिनांची खास दारे असतात. पण डीएनएसारखा लांबलचक, ऋण विद्युत्‌भार असलेला रेणू बाहेर कितीही ताटकळत राहिला, तरी त्याला आत प्रवेश नाही. पेशीच्या दृष्टीने हा पहारा योग्यच आहे. अडचण होते ती आपली. पेशीत एखादे जनुक, औषध किंवा प्रथिन पोचवायचे असेल, तर या पहाऱ्यातून वाट काढावी लागते.

वाटा अनेक आहेत. अतिसूक्ष्म काचेच्या सुईने एकेका पेशीला टोचता येते. हे काम मोत्यांना भोके पाडण्याहून नाजूक. विषाणूला तर पेशीत शिरण्याची कला उपजतच येते, तेव्हा त्याच्या पाठीवर आपला माल लादता येतो. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल सेंटर यांच्या सहकार्यातून निघालेल्या 'नेक्सकार१९' या कर्करोगावरील उपचाराला २०२३ साली भारतात मान्यता मिळाली. त्यात रुग्णाच्याच पांढऱ्या पेशींमध्ये नवे जनुक विषाणूकरवी पोचवतात. पण विषाणूच्या पाठीवर बोजा बेताचाच मावतो आणि असे विषाणू तयार करणे खर्चाचे असते. तिसरी वाट विजेची.

एक व्होल्टचे गणित

पेशीच्या आत खारे पाणी, बाहेर खारे पाणी आणि मध्ये तेलाचा पातळ थर. दोन वाहकांमध्ये एक विद्युत्‌रोधक! धारित्राची व्याख्या यापेक्षा वेगळी काय आहे? हे धारित्र मुळातच भारित असते. मज्जापेशीचा आतला भाग बाहेरच्या मानाने सुमारे ७० मिलिव्होल्टने ऋण असतो. ७० मिलिव्होल्ट ही किरकोळ गोष्ट वाटेल, पण ते ५ नॅनोमीटरवर पडले आहेत. भागाकार करून पाहा: दर मीटरला १ कोटी ४० लाख व्होल्ट. हवेत दर मीटरला ३० लाख व्होल्ट झाले, की ठिणगी पडते. म्हणजे पेशी शांत बसलेली असतानाही तिचे पटल हवेच्या जवळजवळ पाचपट क्षेत्र सोसत असते.

पटलावरील विभवांतर सुमारे एक व्होल्टपर्यंत वाढवले, की मात्र त्याचा धीर सुटतो. स्निग्ध रेणूंची रांग ठिकठिकाणी विस्कटते, पाण्याचे रेणू आत घुसतात आणि काही नॅनोमीटर रुंदीची छिद्रे पडतात. याला इलेक्ट्रोपोरेशन म्हणतात. आपण विद्युत्‌छिद्रण म्हणू.

आता प्रश्न असा, की पटलाला तारा जोडता येत नाहीत. मग त्याच्यावर एक व्होल्ट आणायचा कसा? पेशी खाऱ्या पाण्यात सोडून ते पाणी दोन धातूच्या पट्टिकांमध्ये ठेवायचे आणि पट्टिकांना विजेचा क्षणिक स्पंद द्यायचा. पेशीच्या आतले पाणी वाहक असल्याने आतले आयन लगेच सरकतात आणि आतले क्षेत्र नाहीसे करतात. याला एक मायक्रोसेकंदही लागत नाही. पेशीच्या व्यासावर जे विभवांतर पडायला हवे होते, ते सगळे आता तिच्या दोन टोकांच्या पटलांना वाटून घ्यावे लागते. प्रत्येकाच्या वाट्याला क्षेत्र गुणिले त्रिज्या एवढे येईल. खरे पाहता थोडे अधिकच येते, कारण विद्युत्‌रोधक गोळ्याला वळसा घालताना बाहेरच्या क्षेत्ररेषा बदलतात. हिशेब नीट केला, की सूत्र मिळते:

टोकावरील विभवांतर = १.५ × विद्युत्‌क्षेत्र × पेशीची त्रिज्या

त्रिज्या ५ मायक्रोमीटर धरली आणि विभवांतर एक व्होल्ट हवे असेल, तर क्षेत्र दर सेंटिमीटरला सुमारे १३३० व्होल्ट लागेल. हे एक व्होल्ट फक्त पट्टिकांकडे तोंड केलेल्या दोन टोकांवर. पेशीच्या कमरेवर शून्य. त्यातही धन पट्टिकेकडचे टोक आधी फुटते. का, ते तुम्हीच शोधा; पेशीचा आतला भाग मुळात ऋण असतो, एवढी खूण पुरे.

उघडते तशी मिटतेही

जोरदार विद्युत्‌स्पंदांनी जीवाणू मरतात आणि हे मरण उष्णतेमुळे येत नाही, हे सेल आणि हॅमिल्टन या संशोधकांनी १९६७ साली दाखवले होते. पण मारणे सोपे. छिद्र पडल्यावर पेशी जगते आणि छिद्र बुजते, ही गोष्ट महत्त्वाची. १९७२ साली एबरहार्ड नॉयमान आणि रोझेनहेक यांनी पटलाच्या सूक्ष्म पिशव्यांवर प्रयोग करून विजेने पडणारी वाट तात्पुरती असू शकते, हे दाखवले. पुढे दहा वर्षांनी, १९८२ साली, नॉयमान व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या पेशींमध्ये त्यांच्याजवळ नसलेले एक जनुक विजेच्या साहाय्याने घातले. त्यांचे स्पंद होते दर सेंटिमीटरला ८००० व्होल्टचे आणि केवळ ५ मायक्रोसेकंदांचे. इलेक्ट्रोपोरेशन हा शब्द तेव्हापासून रूढ झाला.

वीज येथे दोन कामे करते. एक, छिद्र पाडते. दोन, डीएनए ऋणभारित असल्याने त्याला धन पट्टिकेकडे ढकलते. त्यामुळे ऋण पट्टिकेकडे तोंड असलेल्या पेशीच्या बाजूवर डीएनएचे रेणू जाऊन चिकटतात आणि मग सावकाश, काही मिनिटांत, आत ओढले जातात. स्पंद संपल्यावर पटल स्वतःला सांधून घेते. पण स्पंद लांबला, तर छिद्रे इतकी मोठी होतात की मिटत नाहीत. क्षार आत-बाहेर वाहू लागतात, पेशी फुगते आणि मरते. थोडे कमी पडले तर दार उघडत नाही, थोडे जास्त झाले तर घरच कोसळते.

आणि नेमके येथेच घोडे पेंड खाते. नेहमीच्या पद्धतीत लाखो पेशी एका छोट्या प्लॅस्टिकच्या डबीत घालतात. डबीच्या दोन बाजूंना अॅल्युमिनियमच्या पट्टिका, त्यांच्यात ४ मि.मी. अंतर. वरचे क्षेत्र मिळवायला सुमारे ५३० व्होल्ट लागतात. आता सूत्रातील त्रिज्येकडे पाहा. डबीतल्या सगळ्या पेशी काही एका आकाराच्या नसतात. ४ मायक्रोमीटर त्रिज्येच्या पेशीला ०.८ व्होल्ट मिळतो, ७ मायक्रोमीटरच्या पेशीला १.४. पहिली उघडतच नाही, दुसरी मरण्याची शक्यता फार. साऱ्या वर्गाला एकाच मापाचे बूट वाटण्यासारखा हा प्रकार आहे. शिवाय पट्टिकांजवळ पाण्याचे विघटन होऊन बुडबुडे येतात आणि अॅल्युमिनियमचे आयन पाण्यात उतरतात. स्पंद एक मिलिसेकंदाचा असेल तर डबीतले खारे पाणी सुमारे ६ अंशांनी तापते. पाच मिलिसेकंदांचा असेल तर ३० अंशांच्या वर. पेशी शिजायला एवढे पुरे.

डबी लहान केली तर?

येथे आपले प्राथमिक सूत्र उपयोगी पडते: क्षेत्र म्हणजे विभवांतर भागिले अंतर. ४ मि.मी.च्या जागी ०.१ मि.मी. अंतर ठेवले, तर ५३० व्होल्टऐवजी १३ व्होल्ट पुरतात. जे काम मोठ्या यंत्राचे होते, ते ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या करू शकतात! उष्णता मात्र घनफळामागे तेवढीच निर्माण होते, कारण क्षेत्र तेच आहे. हा मुद्दा पुष्कळदा चुकीचा सांगितला जातो. फायदा उष्णता बाहेर जाण्यात आहे. उष्णतेला विसरणाने बाहेर पडायला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. अंतर ४० पट कमी, तर वेळ १६०० पट कमी.

अशा केसाएवढ्या रुंदीच्या वाहिन्या असलेल्या तुकड्याला सूक्ष्मप्रवाही चिप म्हणतात. ती करण्याची रीत मोदकाच्या साच्यासारखी आहे. सिलिकॉनच्या चकतीवर प्रकाशसंवेदी लेप देऊन, त्यावर नक्षीतून प्रकाश पाडून, वाहिन्यांच्या आकाराचे उंचवटे तयार करतात. हा झाला साचा. त्यावर पीडीएमएस नावाचे पातळ सिलिकोन रबर ओततात, गरम करून घट्ट करतात, सोलून काढतात आणि काचेच्या पट्टीवर चिकटवतात. वाहिनीत पाणी खळाळत नाही. मधासारखे थराथराने सरकते. त्यामुळे पेशी कोठून, किती वेगाने जाईल हे आधीच ठरवता येते.

या वाटेवरील मला सर्वांत आवडलेला प्रयोग अमेरिकेतील बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात यॉंग ह्वांग आणि बोरिस रुबिन्स्की यांनी केला. तो १९९९ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी एका विद्युत्‌रोधक पडद्याला पेशीपेक्षा लहान असे एकच छिद्र पाडले. पडद्याच्या वर एक कप्पा, खाली एक कप्पा, दोन्हींत खारे पाणी आणि एकेक इलेक्ट्रोड. वरच्या कप्प्यात पेशी सोडून खालून किंचित ओढ दिली, की एक पेशी येऊन छिद्रावर बुचासारखी बसते. आता वरून खाली जाणाऱ्या प्रवाहाला पेशीतूनच जावे लागणार. पेशीचे पटल विद्युत्‌रोधक, म्हणून प्रवाह अगदी क्षीण. विभवांतर हळूहळू वाढवत जायचे आणि अॅमीटरकडे पाहत राहायचे. एका क्षणी प्रवाह एकदम उडी घेतो. त्या क्षणी पटलाला छिद्र पडले!

यातली खुबी लक्षात आली का? डबीत आपण पेशीला किती व्होल्ट सोसतील याचा अंदाज बांधत होतो. येथे पेशी स्वतःच सांगते. लहान असो वा मोठी, ज्या विभवांतराला ती उघडली तेथेच थांबायचे. पुढे प्रवाह पुन्हा उतरला, की पटल सांधले गेले हेही कळते. शाळेत शिकलेल्या ओहमच्या नियमाने एका पेशीचे दार उघडे आहे की बंद, हे समजावे, याचे मला आजही नवल वाटते.

बाटलीची मान

पण एका छिद्रावर एक पेशी या हिशेबाने काम होणार किती? त्यावर २००६ साली पर्ड्यू विद्यापीठातील वांग आणि चांग लू यांनी निराळा उपाय मांडला. त्यांनी स्पंद देणारे यंत्रच काढून टाकले. वाहिनी रुंद, मध्ये थोडी जागा अरुंद, पुन्हा रुंद. दोन टोकांना स्थिर विभवांतर, साध्या बॅटरीसारखे. वाहिनीतून सर्वत्र प्रवाह एकच जातो. म्हणून जेथे मान अरुंद तेथे क्षेत्र तीव्र. मान दहापट अरुंद, तर क्षेत्र दहापट. पेशी पाण्याबरोबर वाहत येते. रुंद भागात तिला काही जाणवत नाही, मानेत शिरताच झटका बसतो आणि बाहेर पडताच तो संपतो. वीज स्थिर आहे, स्पंद पेशीच्या चालीतून तयार होतो! समजा मान ०.२ मि.मी. लांब आहे आणि पेशी तेथे सेकंदाला १० सें.मी. वेगाने जाते, तर झटका २ मिलिसेकंदांचा. वेळ बदलायचा असेल तर पाण्याचा वेग बदला.

२०११ साली ओहायो स्टेट विद्यापीठात जेम्स ली यांच्या गटाने दोन वाहिन्या सुमारे ९० नॅनोमीटर रुंदीच्या नळीने जोडल्या. एका बाजूला पेशी नळीच्या तोंडाला टेकवायची, दुसऱ्या बाजूला माल. वीज लावली, की माल नळीतून थेट पेशीत ढकलला जातो. स्पंदाची लांबी बदलून मात्रा मोजून देता येते. आपल्याकडे आयआयटी मद्रास येथेही एकेका पेशीच्या विद्युत्‌छिद्रणावर संशोधन होते.

हे सारे कशासाठी?

विदर्भातल्या शिक्षकांना सिकलसेल हा शब्द सांगावा लागत नाही. गडचिरोलीकडचा एखादा हुशार विद्यार्थी थंडीत आठ-आठ दिवस येत नाही. चौकशी केली तर सांधे धरले आहेत, दवाखान्यात आहे, असे कळते. नंदुरबारच्या शिक्षकांचा अनुभव वेगळा नसेल. हिमोग्लोबिनच्या एका साखळीत सहाव्या जागी एक अमिनो आम्ल बदलल्यामुळे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. दोष जनुकात आहे, म्हणून रक्त बदलून तो जात नाही.

२०२३ साली नोव्हेंबरात ब्रिटनने आणि डिसेंबरात अमेरिकेने या रोगावर 'कॅसजेव्ही' या उपचाराला मान्यता दिली. त्यात रुग्णाच्या रक्तातून रक्तजनक मूळपेशी काढून घेतात. जनुक कापणारे प्रथिन आणि त्याला वाट दाखवणारा आरएनए त्यांच्यात घालतात. त्यामुळे गर्भावस्थेतले निर्दोष हिमोग्लोबिन पुन्हा तयार होऊ लागते. हे प्रथिन पेशीत कसे घालतात? विजेच्या स्पंदाने. ते यंत्र वर वर्णिलेल्या चिपइतके सूक्ष्म नाही, पण त्यामागचे भौतिकशास्त्र तेच.

आता एक हिशेब. या उपचारात रुग्णाच्या वजनाच्या दर किलोमागे निदान ३० लाख मूळपेशी परत द्याव्या लागतात. ५० किलोच्या माणसाला १५ कोटी. बर्कलेच्या छिद्रावर सेकंदाला एक पेशी हाताळली, तर पावणेपाच वर्षे लागतील. मानेच्या वाहिनीतून सेकंदाला हजार गेल्या तर सुमारे ४२ तास आणि अशा शंभर वाहिन्या शेजारी शेजारी ठेवल्या तर २५ मिनिटे. कागदावर हे सोपे दिसते. प्रत्यक्षात पेशींचे पुंजके अरुंद मानेत अडकतात, एक वाहिनी तुंबली की शेजारच्या वाहिन्यांतील वेग बदलतो आणि वेग बदलला की स्पंदाची लांबी बदलते. सध्याची खरी लढाई या तुंबण्याशी आहे.

कॅसजेव्हीची अमेरिकेतील किंमत २२ लाख डॉलर ठेवली गेली. त्या वेळच्या दराने सुमारे अठरा कोटी रुपये. किंमत काही विजेच्या यंत्रामुळे एवढी नाही. पेशी काढणे, तीव्र औषधाने अस्थिमज्जा रिकामी करणे, दीर्घकाळ रुग्णालयात राहणे, हे सारे त्यात आले. पण मूळपेशी रुग्णाकडून मोजक्याच मिळतात आणि कमी पडल्या, तर त्याला पुन्हा यंत्राला जोडावे लागते. झटक्यात मेलेली प्रत्येक पेशी या हिशेबात खर्ची पडते. म्हणून शंभरातल्या किती वाचल्या, हा आकडा या क्षेत्रात सगळे आधी विचारतात.

करून पाहा

पेशींवर झटक्यांचे प्रयोग घरी करायचे नाहीत आणि घरातल्या विजेच्या वाटेला तर मुळीच जायचे नाही. पण मानेतले तीव्र क्षेत्र पाहायला ९ व्होल्टची एक बॅटरी, मल्टिमीटर, कागद आणि ६बी पेन्सिल पुरते. कागदावर ४ सें.मी. लांब व २ सें.मी. रुंद असा आयत, त्याला जोडून २ सें.मी. लांब व २ मि.मी. रुंद मान आणि पलीकडे पहिल्यासारखाच आयत काढा. सगळा आकार पेन्सिलने दाबून, एकसारखा काळा करा. दोन टोकांना रुंदीभर अॅल्युमिनियमची चांदी दाबून बसवा आणि बॅटरी जोडा. मल्टिमीटरची एक पिन एका टोकावर ठेवून दुसरी सें.मी.-सें.मी.ने सरकवत विभवांतर लिहून घ्या आणि आलेख काढा. हिशेबाने मानेवर सुमारे ६.४ व्होल्ट पडायला हवेत आणि प्रत्येक रुंद भागावर १.३. रेघोट्या कमी-जास्त झाल्याने आकडे तंतोतंत येणार नाहीत, पण आलेख मानेपाशी कड्यासारखा कोसळलेला दिसेल. नंतर मान निम्म्या लांबीची करून पुन्हा मोजा. मानेवरील व्होल्ट कमी होतील. दर सेंटिमीटरचे व्होल्ट वाढतील की कमी होतील, ते मोजण्याआधी वहीत लिहून ठेवा.